दहात एक

सोमवार, ९ डिसेंबर

भाऊजी,

कोटेशन मिळालं. खाली सही तुमची, वर 'आदरणीय मॅडम'. बारा वर्षं जिच्या हातचा चहा प्यायलात तिला आदरणीय मॅडम! आधी हसले. मग आकडे वाचले आणि हसू जागीच विरलं.

ताटाचा दर गेल्या वर्षीच्या सव्वापट. हॉलचं भाडं वेगळं, हॉल गार करायचं वेगळं. खुर्च्यांना कापडं चढवण्याचं वेगळं, आणि ती न चढवता खुर्च्या मिळणार नाहीत म्हणे. सगळ्यात खाली एक नवीनच ओळ: 'उरलेल्या अन्नाची विल्हेवाट.' अहो, जेवण शिजायला अजून तीन महिने आहेत आणि ते टाकायचे पैसे तुम्ही आजच लावलेत!

ऑफिसच्या पत्त्यावर उत्तर धाडलं तर पुन्हा मॅडम व्हावं लागेल, आणि फोन तुम्ही उचलत नाही. म्हणून हा कागद. फुलवाले काका रोज सकाळी तुमच्या हॉलवर फुलदाण्या भरायला येतात, त्यांच्या हाती देतेय. पाकीट डिंकाने चिकटवून वर दोन पिना मारल्यात. पिना हललेल्या दिसल्या तर कळवा. काकांवर माझा विश्वास आहे, पण विश्वास आहे म्हणून पिन मारू नये असं थोडंच आहे?

सरळ विचारते. हा दर हॉलचा की तुमचा? एप्रिलमध्ये दादांशी भांडून घर सोडलंत. जूनमध्ये त्याच हॉलचा बिल्ला कोटाला लावून उभे राहिलात. आता दंतवैद्यांची परिषद घेऊन मी तुमच्याच दाराशी आले, तर दर सव्वापट. लोक दोन आणि दोन चार करून मोकळे होतात. मी अजून तीनवर थांबलेय.

का विचारतेय तेही सांगते. संघटनेचे सचिव, म्हणजे आपली बत्तिशी, परवा येऊन गेले. वाईट बातमी अजूनही सगळे दात दाखवूनच सांगतात. म्हणाले, 'ताई, खर्च गेल्या वर्षीच्या वर गेला तर कमिटी हे काम त्या पॅकेजवाल्या नव्या कंपनीला देणार. माझा इलाज नाही.' कार्यक्रम भरवायच्या आपल्या धंद्याचं वर्ष या एका परिषदेवर उभं असतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? दादांनी साउंडची नवी पेटी हप्त्याने घेतलीय. परिषद गेली की आधी पेटी जाईल, मग ऑफिसचा गाळा, मग गाळ्यावरची बाबांच्या नावाची पाटी.

आई बऱ्या आहेत. घरात आता तीनच ताटं वाढते मी.

वहिनी

शुक्रवार, २० डिसेंबर

भाऊजी,

उत्तर मिळालं. माझ्याच पाकिटाच्या मागे पेन्सिलीने एक ओळ: 'वहिनी, दर हॉलचा आहे. माझं काही नाही.' वहिनी लिहिलंत, बरं वाटलं. पेन्सिलीने का लिहिलंत ते कळलं नाही. नंतर खोडता यावं म्हणून?

तुमच्या शब्दावर विसंबून राहिले नाही हे सांगायला नकोच. आणखी चार हॉल पालथे घातले. एकाचा दर तुमच्याइतका, तिघांचा तुमच्याहून जास्त. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: गॅस वाढला, वीज वाढली, वाढपी मिळत नाहीत. चौघांनीही हे याच क्रमाने सांगितलं. तुम्ही हॉलवाले सकाळी एकमेकांना फोन करून पाठांतर करता का?

मग कात्री हाती घेतली. नावाचे बिल्ले गेल्या वर्षीचेच, आतला कागद तेवढा बदलायचा. पाण्याच्या बाटल्या बंद, टेबलांवर जग. उद्घाटनाचे गुच्छ दुपारी उचलून जेवणाच्या टेबलांवर. यावर फुलवाले काका असे गप्प झाले, जणू मी त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं. छापील पिशवीही रद्द केली. बत्तिशी म्हणाली, 'ताई, पिशवी नसेल तर डॉक्टर येणार कशाला?' मी म्हटलं, 'ज्ञान घ्यायला.' ते इतके हसले की मला त्यांची अक्कलदाढ दिसली. पिशवी परत धरली.

एवढं कापून आकडा जेमतेम इंचभर हलला. खर्चाचं मूळ जेवणात आहे. आणि जेवणाचं बोलायचं म्हणजे गेल्या वर्षीचं बोलायला हवं, जे या घरात कुणी बोलत नाही.

बाबांचा नियम होता, दहात एक. दहा पाहुणे असतील तर अकरा ताटांचं सांगायचं. तीस वर्षांत आपल्या कार्यक्रमात कुणाचं ताट रिकामं राहिलं नाही. बाबा गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच परिषदेत शेवटचे वीस-पंचवीस डॉक्टर रिकामी ताटं धरून उभे! एक वयस्क डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, 'असू दे गं, मी बिस्किटं खाईन.' ते वाक्य अजून कानातून जात नाही.

दादा म्हणतात, वाढीव ताटं तुम्ही परस्पर कमी केलीत. हॉलचा फायदा झाला, आणि त्या उपकाराची परतफेड म्हणून बिल्ला मिळाला. मी असं म्हणत नाही. दादा म्हणतात. मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं होतं की, नोकरी कुणाला मिळाली ते बघा.

वहिनी

शनिवार, ११ जानेवारी

भाऊजी,

तुम्हाला मी पाहिलं.

गुरुवारी स्टेजची मापं घ्यायला आले होते. तुम्ही मीटिंगमध्ये आहात असं पुढच्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं. मापं झाली, आणि चुकून स्वयंपाकघराच्या बाजूला वळले. खरं लिहायचं तर चुकून नाही वळले.

कुठल्याशा बँकेचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. मागच्या दाराशी टेंपो. त्यात स्टीलचे मोठे डबे चढत होते, झाकणाखालून वाफ येत होती. भाताच्या डब्यात कुणी डावसुद्धा घातला नव्हता. आणि बाजूला तुम्ही, आमच्यासाठी मीटिंगमध्ये असलेले! ड्रायव्हरच्या हातात तुम्ही नोटा ठेवल्यात. त्याने मोजल्यासुद्धा नाहीत. म्हणजे हे रोजचं आहे.

लोकांच्या पैशाचं जेवण मागच्या दाराने कुठे जातं, भाऊजी? कुठल्या खानावळीत? आम्ही ताटामागे सव्वापट मोजायचे, आणि कुंपणच शेत खाणार? 'विल्हेवाट' म्हणजे हीच का?

दादांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते तुमच्या साहेबांच्या टेबलावर मूठ आपटतील, मग तुमची नोकरी जाईल आणि आमचा हॉल. येत्या आठवड्यात उत्तर द्या. पेनने द्या.

आईंनाही यातलं काही माहीत नाही. त्या रोज एकच विचारतात, 'त्याने जाताना शाल नेली होती का गं?' मी रोज हो म्हणते. शाल कपाटात आहे.

वहिनी

बुधवार, २२ जानेवारी

भाऊजी,

कालचं बोलणं लिहून ठेवतेय. उद्या तुम्ही शब्द फिरवलेत तर माझ्याकडे काहीतरी असावं.

तुम्ही बोलावलंत म्हणून आले. मला वाटलं केबिनमध्ये बसवून गोडगोड बोलाल. तुम्ही सरळ टेंपोच्या पुढच्या सीटवर बसवलंत आणि स्वतः मागे डब्यांपाशी बसलात. ड्रायव्हर वाटभर एक शब्द बोलला नाही. मी पर्स पोटाशी धरून बसले होते.

शहराबाहेरची ती खत करायची जागा. ड्रायव्हरने एकेक डबा उचलून खड्ड्यात उपडा केला. भात, भाज्या, पाव, आणि वर ते गोड, ज्याच्यावर बदामाचे काप तसेच होते. तुम्ही पाठ करून उभे होतात. बाबा ताटात शीत राहिलं तरी उठू द्यायचे नाहीत, ते मला आठवलं. तुम्हालाही तेच आठवत असणार, कारण तुमचे कान लाल झाले होते.

'कुणाला देत का नाही?' मी विचारलं.

'हॉलचा नियम आहे. बाहेर दिलं आणि कुणाला बाधलं तर अंगाशी येतं. इथे टाकायलाही पैसे मोजावे लागतात, वहिनी. त्यादिवशी तुम्ही पाहिलेत ते हेच.'

विकणारा पैसे घेतो, देत नाही. एवढी साधी गोष्ट दहा दिवस माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

'मग कमी शिजवा!'

'कमी कसं शिजवू? खरा आकडा सांगतं कोण? तुम्ही सांगितलात?'

बत्तिशीने मला तीनशे सांगितले होते आणि मी तुम्हाला तीनशे तीस लिहिले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

'आणि तुम्ही स्वयंपाकघराला किती सांगणार?' मी विचारलं.

'तीनशे साठच्या पुढे.'

'मी आधीच वाढवलेत हे माहीत असून?'

तेव्हा तुम्ही वळलात. तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहिते: 'वहिनी, गेल्या वर्षीही मला माहीतच होतं की दादा वाढवतो.'

ते म्हणून झाल्यावर तुम्हीच थांबलात. मी म्हटलं, 'म्हणजे तुम्ही वाढवले नव्हते?'

'मी कशाला वाढवीन? मी संघटनेकडून आकडा आणून दादाला दिला. हॉलला सांगणार तो. जो हॉलला सांगतो तो वाढवतो.'

'आणि दादा म्हणतात, जो आकडा आणतो तो वाढवूनच आणतो.'

बाबा आकडा आणायचेही स्वतः आणि सांगायचेही स्वतः. ते गेल्यावर तुम्ही दोघा भावांनी काम वाटून घेतलंत. आणणं तुमच्याकडे आलं, सांगणं दादांकडे गेलं. दहात एक कुणाकडे गेला, ते कुणी विचारलंच नाही. तुम्हाला वाटलं तो त्यांच्याकडे, त्यांना वाटलं तो तुमच्याकडे. त्या डॉक्टरीणबाईंचं ताट मध्येच राहिलं.

मला तिथेच, त्या घाणीच्या वासात, रडू आलं. तुम्ही रुमाल दिलात, तो हॉलचा होता. कोपऱ्यात हॉलचं नाव. धुऊन या पाकिटात घातलाय, नाहीतर बिलात लावाल.

परतताना तुम्ही म्हणालात, बत्तिशीही परिषद भरवायला बाबांच्याच हाताखाली शिकलेली, तीही दहात एक धरूनच सांगत असणार. म्हणजे येणारे दोनशे सत्तर. त्यांचे तीनशे त्यांनी केले, तीनशे तीस मी, तीनशे साठ तुम्ही. एकमेकांवर भरवसा नाही म्हणून नव्वद माणसांचं जेवण खड्ड्यात, आणि ते टाकायचे पैसे वेगळे! गॅस वाढला, पगार वाढले, ते खरंच आहे. पण बाकीची वाढ आपली आपणच शिजवलीय.

हे सगळं मला पटलं. पटलं म्हणूनच धास्ती वाटते. इतकं सरळ काही असतं का?

वहिनी

रविवार, १६ फेब्रुवारी

भाऊजी,

बत्तिशीला त्यांच्या दवाखान्यात गाठलं. खुर्चीवर पेशंट, त्याच्या तोंडात नळी, आणि मी दारात. म्हटलं, 'डॉक्टर, खरा आकडा सांगितल्याशिवाय जाणार नाही.' पेशंटने हात जोडले. मग सांगितला, दोनशे सत्तर. तरी मी त्यावर गेले नाही. आठवडाभर एकेका डॉक्टरला फोन करून विचारलं, येणार का, जेवणार का. एकाने मला दाढदुखीची पेशंट समजून मंगळवारची वेळ दिली. बेरीज दोनशे सत्तरच्या दोन-तीन इकडेतिकडे आली. बत्तिशी आयुष्यात एकदा खरं बोलली.

खऱ्या आकड्यावर तुमच्या साहेबांनी दर खाली आणला, विल्हेवाटीची ओळही काढली. बजेट कमिटीत मंजूर झालं, गेल्या वर्षीच्या थोडं आतच. आता एकच अट उरलीय. या वेळी जेवण कमी पडलं तर पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं नाही. बत्तिशीने हे दात न दाखवता सांगितलं, त्यावरून समजा.

म्हणून आता नीट वाचा. बत्तिशी वाढवणार नाही. मी वाढवणार नाही. दहात एक फक्त तुमच्याकडे. स्वयंपाकघराला सांगणारे तुम्ही, तुम्हीच धरायचा. हॉलला पत्र लिहायला बसले तेव्हा आधी दोनशे नव्वद लिहिले. फाडलं. मग दोनशे ऐंशी लिहिले. तेही फाडलं. तिसऱ्या कागदावर दोनशे सत्तर लिहून आईंच्या हाती पाकीट दिलं आणि म्हटलं, 'हे मी परत मागितलं तरी देऊ नका.' त्यांनी ते उशीखाली ठेवलं. मी दुपारी दोनदा मागितलं, त्यांनी दिलं नाही.

दादांना खड्ड्यापाशी झालेलं बोलणं सांगितलं. आणणारा आणि सांगणारा, सगळं. ऐकलं, उठले, आणि पेटीच्या वायरी सोडवत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'असेलही. पण ज्याने एकदा उपाशी ठेवलं त्याच्या हाती पुन्हा पळी देऊ नकोस.' मग विचारलं, 'वाढीव तू धरलंस ना?'

मी हो म्हटलं, भाऊजी. बारा वर्षांच्या संसारात एवढं मोठं खोटं कधी बोलले नव्हते. तुम्ही विसरलात, किंवा सूड म्हणून मुद्दाम विसरलात, तर पाटी खाली येईल आणि मला या घरात मान वर करून बसता येणार नाही. तुमच्याबद्दलचा संशय पूर्ण गेलाय असं लिहीत नाही. एवढंच लिहिते की, संशय असूनही पाकीट धाडतेय.

वहिनी

मंगळवार, २५ मार्च

भाऊजी,

या पाकिटाला पिना नाहीत. फुलवाले काकांनीच विचारलं, 'आज उघडंच?'

शनिवारचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिथेच होतात. पण दुपारी तासभर तुम्ही पुढे, गार हवेचं यंत्र बंद पडलं म्हणून तंत्रज्ञाच्या मागे धावत होतात. त्या तासात मागे काय झालं ते सांगते.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! बत्तिशीने आपला जावई आणला, जावयाचे मित्र आणले, आणि वरून दंत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा एक घोळका 'ऐकायला' म्हणून आला होता तो जेवायलाही थांबला. रांग दाराबाहेर गेली. मी ताटं मोजत होते. दोनशे सत्तर ओलांडले तेव्हा मोजणं सोडून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

दादांनी साउंडच्या टेबलावरून ती रांग पाहिली. एका प्राध्यापकांचा माइक तसाच चालू सोडून ते स्वयंपाकघरात घुसले, त्यांच्यामागे मी. माइक किंचाळत राहिला, तो सगळ्यांनी ऐकला, तुम्हीही ऐकला असेल. त्यांनी मुख्य आचाऱ्याला विचारलं, 'वाढीव धरलंय का?'

'धरलंय की. साहेबांनी स्वतः धरलंय. सकाळपासून तीनदा येऊन झाकणं उघडून गेले.' साहेब म्हणजे तुम्ही.

दादा माझ्याकडे वळले. 'तू म्हणाली होतीस तू धरलंस.'



ते तिथेच थांबले, डब्यांपाशी, हाताची घडी घालून. भाताचा शेवटचा डबा आला. त्या वयस्क डॉक्टरीणबाई यंदाही शेवटीच होत्या. त्यांनी भात घेतला, भाजी घेतली, गोड दोनदा घेतलं आणि मला म्हणाल्या, 'यंदा बिस्किटं नकोत गं.' त्यांच्यामागे कुणी नव्हतं. डब्यांच्या तळाशी डाव खरवडल्याचा आवाज येत होता. दादांनी एक पाव उचलला, भाजीच्या भांड्याची कड त्याने पुसून घेतली आणि उभ्यानेच खाल्ला. बाबा कार्यक्रम संपला की असेच शेवटी उभ्याने खायचे. टेंपो आला होता, तो सालपटांची एक बादली घेऊन गेला.

तुम्ही मागे आलात तेव्हा दादा पाठमोरे वायरी गुंडाळत होते. तुम्ही जरा वेळ थांबलात आणि गेलात. तुम्हाला वाटलं असेल, यांनी पुन्हा तोंड फिरवलं. मला समोरून दिसत होतं. त्यांच्या हातात एकच वायर होती आणि ती ते पुन्हापुन्हा गुंडाळत होते.

संघटनेचं पत्र काल आलं. पुढच्या वर्षीही आपणच. पाटी जागेवर आहे, पेटीही. मला तुमची माफी मागायला हवी, ती समोर मागेन. कागदावर मागितली तर तुम्ही ती जपून ठेवाल आणि जन्मभर दाखवाल.

आज सकाळी मी तांदूळ निवडत होते. दादा पेटी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, 'रविवारी चौघांचं कर.'

मी म्हटलं, 'अहो, आपण तिघं. बाबांचा नियम दहात एक होता, तिघांत एक कुठून आला?'

फडकं थांबलं.

'वाढीव नाही,' ते म्हणाले. 'मोजून चार.'

वहिनी